स्वयंपाकघराचा रंग

रंगाऱ्याला परमुलखात येऊन इतकी वर्षं झाली, तरी दुसऱ्यांच्या भिंती रंगवताना त्याला आठवायचं ते आपलंच जुनं स्वयंपाकघर. वडीलही रंगारीच. गिऱ्हाइकांकडे उरलेला रंग ते घरी आणत आणि सगळा एकाच बादलीत ओतून स्वयंपाकघराला फासत. दवाखान्याचा हिरवा, कुणाच्या बाल्कनीचा पिवळा, शाळेच्या जिन्याचा करडा. जो रंग निघे त्याला जगात कुठेच नाव नव्हतं. त्या भिंतीला पाठ लावून पोरगा जेवायला बसायचा, आई वाढायची आणि वडील कोपरापर्यंत रंगलेल्या हातांनी दिवसभराच्या गमती सांगायचे. त्याहून उबदार जागा त्याला पुढे कुठेच मिळाली नाही.

वडील गेले. आईला एकटीला झेपेना, म्हणून घर विकलं आणि तो तिला आपल्याकडे घेऊन आला. पंचाईत अशी, की आई आली खरी, पण राहायला म्हणून आलीच नाही. पाणीसुद्धा सुनेला विचारून घ्यायची. फोन वाजला की पटकन म्हणायची, "घरून आहे का रे?" घर तर आता तिसऱ्याचंच झालेलं. आई अशीच पाहुणी म्हणून झुरत राहील, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

एका रविवारी त्यानं दोघींना बाजारात पिटाळलं आणि आईच्या खोलीत बादली मांडली. हिरवा ओतला, पिवळा ओतला, करडा ओतला. छे! गिऱ्हाइकाला हवी ती छटा हुबेहूब काढून देणारा हा पठ्ठ्या घामाघूम झाला. वडिलांनी कधी मोजमाप केलं नाही, तर हा काय डोंबल करणार! शेवटी थोडासा तांबडा पडला. हाच तो. भिंतीवर ब्रश फिरवताना त्याला रडू आलं. बघायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं डोळे पुसलेही नाहीत.

आई परतली आणि दारातच थबकली.

"ओळखलास?" त्यानं विचारलं.

"न ओळखायला काय झालं? जन्मभर यांच्या कानीकपाळी ओरडत होते, अहो, एक डबा तरी धड नवा आणा. हा मेला घाणेरडा रंग माझ्या डोळ्यांसमोरून काढा. ऐकलं का कधी?"

सून हसू दाबत आत पळाली. रंगाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. ज्या भिंतीसाठी तो इतकी वर्षं झुरला, ती आईला कायम नकोशीच होती!

"उद्या पांढरा मारून टाकतो," तो कसाबसा म्हणाला.

आईचं लक्षच नव्हतं. तिनं ओल्या भिंतीला बोट लावलं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"हा तो नाहीच," ती म्हणाली. "तो याहून वाईट होता." मग तिनं पायानंच बादली त्याच्याकडे सरकवली.

"अजून थोडा बिघडव."