एकानं हरलो

हे मले आत्ताच सांगा लागते. उद्यावर टाकलं तर राग निवन, आणि राग निवला का मी पुन्हा त्याच्याच बाजूनं बोलाले लागीन, कारण तो माझा दोस्त होता आणि त्याच्या बाजूनं बोलाची मले दोन वर्षांची सवय आहे. टायपिंग क्लासच्या मशीनवर बसलो आहे. मास्तरले वाटते पोट्टं आज लय प्रॅक्टिस करून राह्यलं. घाईत चुका राहतीन, सांभाळून घ्या.

तर आमची कॉलेजची फुटबॉल टीम. कॉलेज कोणतं ते सांगत नाई, पोट्टे अजून तिथंच शिकून राह्यले. दोन वर्षांत आमी एक मॅच जिंकलो नाई. पण एकापेक्षा जास्त गोलानं कधी हरलो पण नाई. शून्य-एक, एक-दोन, दोन-तीन. कारंजाले गेलो, एकानं हरलो. मंगरूळपीरले गेलो, एकानं हरलो. अकोल्याची एक टीम आली होती, त्यायचे अकराच्या अकरा बूटवाले, आमचे चार जण अनवाणी, तिच्याशी पण एकानंच. स्टँडसमोरच्या हॉटेलातले लोक आमाले 'एकावाले' म्हणत. एसटीतून उतरलो का चहा पेत पेत इचारत, "काय बे एकावाले, आज कितीनं?"

"एकानं, काका."

"वा. नेम सोडला नाई."

सारे हसत. आमचे पोट्टे पण हसत. मी वरून हसत होतो, मनातून मले गर्व होता. कारण गोलकीपर मी होतो. ज्या टीमनं आठ गोल माराले पाह्यजे ती दोनच मारून गेली, तर मधले सहा कोणी अडवले? असा हिशोब मी रोज झोपताना करत होतो.

गोलात मी कसा गेलो, तर पह्यल्या दिवशी माझी एसटी उशिरा आली. मी पोचलो तवर साऱ्या जागा वाटून झालत्या, गोल तेवढा उरला होता. ग्राउंड म्हणजे काळी माती. पावसाळ्यात पाय निघे ना, दिवाळीनंतर भेगाइतून पाय आत जाये. गोल म्हणजे दोन बल्ल्या आणि वरून बांधलेली दोरी. बॉल दोरीच्या वरून गेला का खालून, यावर अर्धा तास भांडण. चामड्याचा बॉल ओला झाला का छातीवर धोंड्यासारखा बसे. तरी मले ती जागा आवडली.

काहून आवडली ते सांगतो. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. आमच्या घरात पगार आणणारे पह्यले तेच. आजोबा लोकायच्या वावरात राबले, छप्पनच्या साली बौद्ध झाले, मग बाबा शिकले. आमच्या गावात, इंझोरीत, लहानपणी मी खेळाले गेलो तर मोठ्या घरचे पोट्टे मले नाई नोते म्हणत. पण कोणीतरी एक जण म्हणे, "येऊ दे त्याले." मग मी आत. ते 'येऊ दे' मले लय लागे. गोलात उभा राह्यलो तवा पह्यल्यांदा वाटलं का अठी मले कोणी येऊ देल्लं नाई. बॉल पकडला तर पकडला, सुटला तर सुटला. बॉलले कोणाची भीड नाई.

आता कॅप्टन. तो आमच्याच गावचा, त्यायचा संत्र्याचा बगीचा आहे. खेळे बॅक, म्हणजे माझ्या बरोबर समोर. एसटीत आमची एकच सीट, आधी चढला त्यानं रुमाल टाकायचा. माझ्या घरी तो जेवत होता, दारं उघडी ठेवून, गावानं पाहो का न पाहो. माझ्या आईच्या हातचा ठेचा मागून घे. त्याच्या घरच्यायनं एकदा दोनदा तोंड वाकडं केलं, तर म्हणे, "मी खातो, तुमाले काहून ठसका लागते?" असा माणूस. म्हणून तर सांगून राह्यलो.

त्याची एक पद्धत होती. मॅचले येताना थैली भरून संत्री आणे. इंटरवल झाला का आमाले एकेक देल्लं का बाकीची थैली घेऊन थेट दुसऱ्या टीमकडं जाये. त्यायच्या कॅप्टनच्या खांद्यावर हात टाकून उभा राहे, दोन मिनिटं बोले, हसे, परत ये. संत्र्याचा बार, म्हणजे हंगाम, नसला तर भाजलेल्या शेंगा. मले हे इतकं चांगलं वाटे का मी घरी आईले सांगतलं, आपल्याकडं आलेल्या माणसाले आमी उपाशी नाई धाडत, जिंकून गेला तरी. आई म्हणे, मोठ्या मनाचा आहे पोरगा.

आणि गंमत पहा, दुसऱ्या हाफात मी दुसराच माणूस होऊन जाये. पह्यल्या हाफात दोन सुटलेले असत. दुसऱ्यात बॉल कसे बरोबर माझ्या छातीवर येत. कोणी मारला तर बाजूनं जाये, कोणी एकटा समोर आला तर घाईत मारून बसे. मी उगाच आडवा पडे, अंगाले माती लावून उठे. मले वाटे माझा हात बसते हळूहळू, डिझेलच्या इंजिनासारखा.

यंदा विद्यापीठाच्या टीमची निवड लागली, अकोल्याले. आमच्या क्रीडा शिक्षकानं, आमी त्यायले नुसतं सर म्हणतो, दोन नावं पाठवली. कॅप्टनचं आणि माझं. मी तर जमिनीवर नोतो. कॅप्टन म्हणे, "मी नाई येत. बगीच्यात काम आहे."

"एक दिवसाचं तर आहे बे."

"तू पण नको जाऊ."

"काहून?"

"तिकडं वशिल्यानं घेतात. कायले फुकट जातं?"

मले वाटलं जळून राह्यला. हो, असंच वाटलं. बोललो नाई, पण तसंच वाटलं.

बाबानं शाळेतून रजा काढली. मी म्हटलं तुमी नका येऊ, तर म्हणे, "पाहू तर दे, तू करतं काय ते." मले नवीन कॅनव्हासचे बूट घेऊन देल्ले. दोघं सकाळच्या एसटीनं गेलो, आईनं भाकरी आणि पिठलं बांधून देल्लं होतं. बाबा लिंबाखाली बाकावर बसले, धुतलेलं पांढरं शर्ट, हातात छत्री.

तिथं प्रत्येक गोलकीपरले पंधरा मिनिटं उभं करत होते. माझ्यावर सात गोल झाले. सात. पह्यला गेला तर वाटलं नजर बसली नाई अजून. तिसरा गेला तर वाटलं हात बसन आता. चवथ्यापासून मले काही वाटलं नाई. बॉल मी पाहून राह्यलो होतो आणि तो माझ्यापासून दूर जात होता, दरवेळेस दूर. माझ्या छातीवर एकही आला नाई. निवड करणाऱ्यानं शिट्टी वाजवून हातानंच बाजूले हो म्हटलं. नाव पण नाई इचारलं.

मी नळावर तोंड धुवून राह्यलो होतो तर मागून एक जण आला. अकोल्याच्या त्याच बूटवाल्या टीमचा फॉरवर्ड, मी ओळखलं त्याले. मागच्या साली त्यायनं आमाले दोन-एक हरवलं होतं. हसत म्हणे, "काय भाऊ, आज संत्री नाई आणली? म्हणून सात खाल्ले."

मी म्हटलं, "संत्र्याचा काय संबंध?"

"अरे, तुमचा कॅप्टन ये ना इंटरवलमध्ये. म्हणे, भाऊ, दोन झाले, आता जमवून घ्या. एकाच्या वर नका जाऊ. आमाले काय, आमी जिंकलोच होतो. आमच्या बॅकनं तर तुमच्या फॉरवर्डले वाट करून देल्ली होती, जा म्हटलं मार. त्याले तरी दोनदा मारा लागलं."

मी नळ बंद केला. त्याचं हसू हळूहळू गेलं. "तुमाले माहीत नोतं? भाऊ, मले वाटलं साऱ्या टीमले माहीत असन. सारेच करतात तुमच्याशी असं, कारंजावाले पण." मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मले सातव्या गोलापेक्षा जास्त लागली.

येताना एसटीत बाबानं छत्री मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणे, "ऊन बरोबर तुह्या डोळ्यात येऊन राह्यलं होतं. मी पाह्यलं." ऊन माझ्या पाठीमागं होतं. तेवढ्यात मी समजलो का आता बाबा पण जमवून घेऊन राह्यले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बगीच्यात गेलो. तो झाडाले आळं करून राह्यला होता. मले पाह्यल्यावर त्यानं फावडं ठेवलं, इचारलं पण नाई काय झालं म्हणून.

"किती मॅचेस?" मी म्हटलं.

"साऱ्या नाई."

"किती?"

"पह्यल्या सालीच प्राचार्यानं मले बोलावलं होतं. म्हणे, हरा, पण लाज वाटीन असं हरले तर फुटबॉल बंद, बॉल कपाटात. मी काय करू? आपल्या अंगात जेवढं होतं तेवढंच होतं. मग बोललो एकाशी. त्यानं ऐकलं. मग सवयच झाली."

"आणि बाकीच्यायले माहीत आहे?"

"आहे."

"साऱ्यायले?"

"सरले नाई. सरले खरंच वाटते का तू चांगला आहे. म्हणून तर नाव धाडलं. मी तुले जाऊ नको म्हटलं होतं."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तर तू पडला असता काय बॉलवर? तुह्या पडण्यानंच तर खरं वाटे लोकायले. आणि तुले वाईट वाटलं असतं."

म्हणजे दहा जण दोन वर्षं माझ्या अंगाले लागलेली माती पाहत होते आणि त्यायले माहीत होतं. एसटीत माझी पाठ थोपटत होते. 'आज तू होता म्हणून' म्हणत होते. मी त्याले म्हटलं, मंगरूळपीरची मॅच, शेवटी तो कोपऱ्यातला बॉल मी एका हातानं काढला होता, तो?

"तो तुहा. तो खरा."

"शपथ घे."

त्यानं घेतली. पण मले आता वाटून राह्यलं का ते पण त्यानं जमवूनच घेतलं. हेच तर त्यानं घेतलं माझं. मी अडवलेल्यातला एखादा खरंच माझा असन, दहा असतीन, पण कोणता ते सांगणारा माणूस तोच, आणि त्याच्यावर माझा भरोसा नाई.

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात वाशिमची टीम येऊन राह्यली, मी गोलात उभा राहीन, पण इंटरवलमध्ये तू कोणाशी बोलाचं नाई.

"दहा होतीन बे."

"होऊ दे."

"फुटबॉल बंद होईन. बाकीच्यायचं काय?"

"बाकीच्यायनं माझं काय केलं?"

त्यानं शब्द देल्ला आणि पाळला, हे मात्र सांगा लागन. इंटरवलमध्ये तो आमच्यातच जमिनीवर बसून राह्यला, गवताच्या काड्या तोडत. आमचा सेंटर फॉरवर्ड त्याले म्हणे, "जा ना बे." तो उठला नाई. तीन होते, सहा झाले. शून्य-सहा. दुसऱ्या हाफात एक बॉल माझ्या डाव्या हाताकडं आला, जोरात, खाली. माझं बोट मागं गेलं पण बॉल बाहेर गेला. कोणी टाळी वाजवली नाई. आमचे पोट्टे माझ्याकडं पाहत पण नोते. बोट अजून सुजलेलं आहे, या मशीनवर एक अक्षर मले दुसऱ्या बोटानं मारा लागून राह्यलं.

सोमवारी प्राचार्याची नोटीस लागली. शिपायानं बॉल कपाटात ठेवला, हवा काढून. सर मले व्हरांड्यात भेटले तर म्हणे, "असं कसं झालं रे एकदम? तब्येत बरी नोती काय?" मी हो म्हटलं. मी पण जमवून घेतलं.

आणि आता पोट्टे काय म्हणतात माहीत आहे? सेंटर फॉरवर्ड हॉटेलात सगळ्यायसमोर म्हणे, "तुह्या एकट्याच्या इज्जतीपाई अकरा जणायचा खेळ गेला. धोका तू देल्ला." कोणी त्याले गप नाई केलं. कॅप्टन तिथंच होता, बशीत चहा ओतत होता. काल संध्याकाळी एसटीत त्यानं रुमाल टाकला होता माझ्यासाठी. मी मागं जाऊन उभा राह्यलो. गाव आल्यावर उतरताना म्हणे, "तुले पाह्यजे काय होतं? आमी तुले दोन वर्षं पडू देल्लं नाई."

मी तसाच घराकडं चालू लागलो. रात्रभर तेच वाक्य मनात घोळलं. आता मास्तर मागं येऊन उभे आहेत, तास संपला म्हणतात, म्हणून तुमालेच इचारतो. तुमच्या माणसायनं तुमाले असं न सांगता वर धरून ठेवलं होतं काय कधी? आणि कळल्यावर तुमी त्यायच्याशी बोलले काय?