पश्चिमेच्या भिंतीची जाळी

‘तात्पुरतं’ या शब्दाचा मला राग येतो. पूर्वी येत नसे. आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि त्यानंतर घरात येणारी प्रत्येक वस्तू तात्पुरती यायला लागली. पलंग भाड्याने आणला, कारण ‘विकत कशाला घेता?’ चाकाची खुर्ची कुणाच्या तरी वारलेल्या सासऱ्यांची, मागून आणलेली. भेटायला येणारे लोक हॉलमध्ये बारीक आवाजात बोलायचे आणि जाताना मला सांगायचे, “धीर धरा.” कशासाठी धरायचा, ते कुणी सांगत नव्हतं.

आम्ही राहतो कात्रपला, तळमजल्यावर. मागे आमच्या मालकीची चार हात जमीन आहे. ह्यांचा पलंग मावेल अशी खोली एकच, मागची, आणि तिची लांब भिंत पश्चिमेला. बदलापूरचं ऊन ज्याने खाल्लंय त्याला पुढचं सांगायला नको. दुपारी ती भिंत तापते ती रात्री जेवणं उरकली तरी तव्यासारखी धग सोडत राहते. ज्याला उठून दुसऱ्या खोलीत जाता येतं तो जातो. ह्यांना कूसही एकट्याने बदलता येत नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात पाठ घामोळ्यांनी भरून गेली. एसी लावून पाहिला, तर गार हवेने डावा हात आखडायला लागला. मग मी ठरवलं, भिंतीवर बाहेरून मधुमालती चढवायची. भिंतच तापू द्यायची नाही.

हे ऐकल्यावर पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. भाऊजी वाईट नाहीत, पण उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना भारी हौस.

“वहिनी, दादा असा पडलेला असताना बागेचं काय सुचतंय तुम्हाला?”

“बाग नाही, सावली करतेय.”

“मग लोखंडी जाळी कशाला? चोर चढतील. साप चढेल. अंथरूण पाहून पाय पसरावेत.”

“अंथरुणावर तुमचे दादा आहेत. पाय किती पसरायचे ते त्यांना ठरवू द्या.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “चार बांबू बांधा ना. तात्पुरतं. ती वेल भिंतभर व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, वहिनी.” आणि घाईघाईने पुण्याच्या हवेचं काहीतरी सांगायला लागले. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं होतं, मलाही कळलं होतं. मी फोन ठेवून दिला. रागाने, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर भीती होती, पण राग जरा बरा, त्याने कामं तरी होतात.

ह्यांना विचारलं तर छताकडे बघत म्हणाले, “बांबू चालेल की.” भाऊजींचं मी मनावर घेतलं नसतं. हे मात्र लागलं. आयुष्यभर अंबरनाथच्या कारखान्यात पाळ्या केलेला हा माणूस, वॉशर बदलायचा तर पितळेचाच आण म्हणणारा, आणि आता ह्यांना बांबू चालणार होता!

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंना ह्यांच्यापाशी बसवलं आणि रिक्षा बदलत बदलत उल्हासनगर गाठलं. ग्रिल-जाळ्या करणाऱ्या एका सिंधी गृहस्थांचं दुकान मला कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी आधी मोर काढला. मग बदामाच्या आकाराची नक्षी.

“दीदी, ये देखो, बंगलेवाले यही ले जाते हैं.”

“मोर नको,” मी म्हटलं. “मला वेल चढवायचीय.”

“अच्छा, वेलसाठी पाहिजे! तो सीधा बोलो ना.” मग त्यांनी साध्या चौकोनांच्या जाळ्या दाखवल्या. एक बारीक भोकांची होती, ती मी बाजूला सारली. मधुमालतीचं खोड पुढे मनगटाएवढं होतं, ते असल्या भोकात आवळून मरेल. छाटणीला माझा हात आरपार गेला पाहिजे. मी दुकानात उभी राहून एकेका जाळीतून हात घालून बघत होते आणि बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. बघेनात का.

हात जाईल अशा दोन जाळ्या निघाल्या. एक काळ्या रंगाची, दिसायला झकास. दुसरी जस्त चढवलेली, राखाडी, रूपाने अगदीच बेतास बात.

“कितने साल चलाने का है?” दुकानदारांनी विचारलं. “दो-तीन साल का काम है तो काली ले जाओ, सस्ती पडेल. रंग निघाला की गंज पकडतो. जास्त चालवायची तर ही जस्तवाली.”

त्या बिचाऱ्यांनी धंद्याचा साधा प्रश्न विचारला होता. पण इतके महिने सगळे जो प्रश्न तोंडातल्या तोंडात चावत होते, तोच कुणीतरी मोठ्याने विचारल्यासारखं मला झालं.

“वीस वर्षं,” मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्याने.

“बीस साल,” ते मान हलवून म्हणाले आणि राखाडी जाळी ओढून बाजूला काढली.

बसवणारे आले आणि त्यांनी ती खिडकीच्या ग्रिलसारखी भिंतीला चिकटवून टाकली. मी म्हटलं, काढा. भिंत आणि जाळी यांच्यात वीतभर जागा हवी, वारा खेळला पाहिजे, नाहीतर तापलेल्या भिंतीला टेकून पानं करपतील. ते म्हणाले, मावशी, आम्ही सगळीकडे अशीच लावतो. मी म्हटलं, सगळीकडे चोरांसाठी लावत असाल, इथे वेलीसाठी लावायचीय. कुरकुरत त्यांनी सगळं उतरवलं, पुढे आलेले ब्रॅकेट जोडले आणि पुन्हा भोकं पाडली. आत ह्यांच्या उशाशी भिंत हादरत होती. मी डोकावले तर म्हणाले, “काय, भिंत पाडतेस की काय?” बऱ्याच दिवसांनी चेष्टा केली होती. मला तेवढ्यानेही उभारी आली.

बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून दोन रोपं आणली. पावसाळ्यात ती बोटाएवढी होती, दिवाळीला माझ्या कमरेशी आली. कोवळे शेंडे मी स्वतः चौकोनांतून ओवत होते. येणाऱ्यांनी पुन्हा ‘धीर धरा’ म्हटलं की मी त्यांना मागे नेऊन जाळी दाखवायचे. बरेचसे घाईत निघून जायचे. जाऊ देत.

पुढच्या मे महिन्यात भाऊजी आले. वेल खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत पोचली होती, तिथेच जाळी संपत होती. तिच्यावरची भिंत उघडीच. भाऊजींनी खिडकीतून वाकून बघितलं. “अर्धीच झालीय की, वहिनी.”

माझं उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण पलंगावरून हे बोलले. “खालची भिंत तापत नाही आता. वरचीच तापते.” मग माझ्याकडे वळून, “अगं, वेल आणखी वर गेली की लोंबायला लागेल. वर अजून एक जाळी हवी. तीच आण, जस्तवाली.”

झटका आल्यापासून ह्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा नाही. मी दारातच उभी राहिले.

“आत्ता कशाला, दादा?” भाऊजी म्हणाले. “तिथे पोचायला वेलीला अजून वर्ष जाईल.”

“जाऊ दे की,” हे म्हणाले. “मी कुठे चाललोय?”