दुरुस्तीला कोण येणार?

महानंदानं क्लासचा सर्व्हर बंद पाडला आणि पासवर्ड घेऊन पळाली, असं आमच्या गल्लीत बोललं जातं. यातलं 'पळाली' मी घातलं. नुसत्या बंद पाडण्यानं चहाला चव येत नव्हती. खरं असं की, सर्व्हर बंद पडला त्याच्या वर्षभर आधीच क्लासचे मालक शेषेराव सरांनी तिला कामावरून काढलं होतं. आणि पळते कुठली, माझ्या भिंतीपलीकडंच राहते.

पोरगी औशाकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं. कुण्या संस्थेनं नवं बांधून दिलं, फीत कापली, फोटो काढले. दोन वर्षांत भिंतीला हातभर तडा गेला, तेव्हा विचारायला कुणी सापडेना. तेव्हापासून मिक्सर असो की स्वतःला बघायला आलेलं स्थळ, बाईचा सवाल एकच, दुरुस्तीला कोण येणार अन् किती वर्षं?

सरांच्या क्लासला चार हजार पोरांचे टेस्टचे मार्क ठेवायला सर्व्हर आला. त्यावर तो चालवणारं फुकटातलं लिनक्स टाकायचं ठरलं. त्यात वाणं दोन. एक दर सहा महिन्यांनी नवं निघणारं, पण वर्षभरानं दुरुस्त्या बंद. दुसरं जुनाट, कळाहीन, पण पाच-सहा वर्षं दुरुस्त्या मिळणारं. क्लासचे कॉम्प्युटर बघायची महानंदा; तिनं जुनं निवडलं. सरांची निम्मी हयात गाइडं विकण्यात गेलेली; गेल्या सालची आवृत्ती रद्दीत जाते, म्हणाले, नवं टाक. वर्षानं पस्तावाल, ती म्हणाली. सर सगळ्या स्टाफसमोर हसले.

"किल्लारीकडच्यांना उभी भिंतबी हलताना दिसती."

तिनं मुकाट नवं टाकून दिलं. महिनाअखेरीला तिच्या खुर्चीवर सरांचा भाचा श्रीनाथ बसला.

वर्ष सरलं, दुरुस्त्या थांबल्या. श्रीनाथनं आणखी नवी आवृत्ती चढवली, तीही आधी मार्कांची नक्कल न काढता. तिच्यासोबत आलेल्या नव्या डेटाबेसला जुने मार्क उघडता येईनात, आणि तो आठवडा नेमका मार्कांवरून बॅचा पाडायचा. महानंदानं फुकटचं काहीतरी बसवलं होतं, असं सरांनी पालकांना सांगून टाकलं. अंदाजानं बॅचा पाडल्या. माझी देविका शेवटच्या बॅचला गेली, म्हणून मी ते चार घरं जास्त सांगितलं.

महानंदाला तेव्हापासून कुठला क्लास कामाला ठेवीना.

काल सर स्वतः तिच्या दारात आले. ती हरभरा निवडत होती. मागचं सोडून दे ताई, एकदा येऊन बघ, अशी विनवणी चालली होती. मी माझ्या दाराआड उभा होतो. सुपातून मान वर न काढता ती म्हणाली, "दुरुस्तीला येणारं माणूस तुम्ही वर्षामागंच काढून टाकलाव, सर."