सासऱ्यांकडे पाय करून

लग्नात सासऱ्यांनी मला हिरवी सायकल दिली होती. ती मी कापली.

आज हे एका दमात लिहिलं. तेव्हा बायकोला सांगायला दोन दिवस लागले. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, मी धाड नावाच्या गावी मास्तर होतो आणि खामगावच्या रद्दीत मला एक विलायती मासिक सापडलं होतं. त्यात एक गोरा आरामखुर्चीत रेलावं तसा सायकलवर रेलला होता. पाय पुढे, पेडल पुढे, चेहऱ्यावर जहागीरदाराचं समाधान. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. असं मला जेव्हा जेव्हा वाटलंय, तेव्हा घरातलं काहीतरी मोडलंय.

खामगावच्या कापसाच्या जिनिंगमधल्या एका फिटरने सुटीच्या दिवशी सायकल कापली, नळ्या नव्याने जोडल्या, दोन साखळ्यांची एक केली, रेलायला फळी बसवली. हँडल बसायच्या जागेखाली, म्हणजे हात कमरेशी. ब्रेक एकच, उजव्या मुठीत. उरलेला नळीचा तुकडाही सोबत देत तो म्हणाला, "हात ढिले ठेवजा गुरुजी. आवळू नोका. पण सोडूबी नोका."

एस.टी.च्या टपावरून ती धाडला उतरली. दोन दिवस शाळेत ठेवून मग घरी आणली. बायकोने तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"माह्या बाबानं देल्ली सायकल हे?"

"तीच. फक्त आडवी."

"तिरडी केली तुम्ही तिची."

त्याच आठवड्यात सासऱ्यांचं साखरखेर्ड्याहून कार्ड आलं. बाजाराच्या दिवशी येतो, सोबत ज्वारीचं पोतं आहे, जावईबापूंनी सायकल घेऊन थांब्यावर यावे. बायकोने कार्ड वाचलं, घडी केली आणि थंडपणे म्हणाली, "बाबापुढं चालवून दाखवा. नाहीतर मी त्यायच्यासंगं जाते. सायकल पहिल्यासारखी होईस्तोवर येत नाही."

सायकल पहिल्यासारखी होणार नव्हती. ते तिलाही ठाऊक होतं.

सहा दिवस होते. रोज पहाटे मी गावामागच्या गाडरस्त्यावर जायचो. साध्या सायकलवर तोल गेला तर कंबर हलवून सावरता येतं. इथे पाठ फळीला, पाय हवेत; तोल जातोय हे कळेपर्यंत कोपर जमिनीवर. पहिले दोन दिवस मी सायकल चालवली असं म्हणणं खोटं होईल. तिच्यावरून पडलो. भीतीने मुठी आवळायचो, मुठी आवळल्या की पुढचं चाक थरथरायचं, आणि चाक थरथरलं की मी आणखी आवळायचो. बैलगाडीवाला एक ओळखीचा शेतकरी मला तसा आडवा पाहून ओरडला, "राम राम गुरुजी! खांदेकरी कुठं राह्यले?"

चौथ्या दिवशी हात ढिले पडले, कारण दोन्ही मनगटं सुजली होती. आणि सायकल सरळ गेली! पाचव्या दिवशी वळली. सहाव्या दिवशी मी थांबूही शकलो.

बाजाराच्या दिवशी थांब्याकडच्या उतारावरून निघालो. खाली एस.टी. उभी राहिली, सासरे उतरले. पांढरं धोतर, हातात पिशवी, शेजारी पोतं. मी सरळ त्यांच्याकडे चाललो होतो. मग माझ्या ध्यानात आलं की त्यांना आधी दिसतायत ते माझे तळवे. सासऱ्यांकडे पाय! सहा दिवस मी तोल, ब्रेक, वळण सगळं शिकलो होतो. हे कोणी शिकवलं नव्हतं. मी घाईने पाय पोटाशी ओढले. तोवर आमची नजरानजर झाली आणि जन्माच्या सवयीने मी दोन्ही हात जोडले.

ब्रेक हातात होता. हात छातीशी होते.

मी त्यांच्यापासून चार पावलांवर आडवा झालो. सासऱ्यांनी मला उठवलं नाही. घंटी ओळखली, ती त्यांनी स्वतः बसवली होती. मग विचारलं, "बाकीची कुठं हाय?"

पोतं फळीवर निजवून आम्ही दोघं दोन बाजूंनी ढकलत घरी निघालो. बाजारात एका म्हातारीने पोत्याला हात जोडले.

घरी पाणी पिऊन सासरे म्हणाले, "पोरी, गाठोडं बांध. उद्या चाल माह्यासंगं."

बायको उठली नाही. "चालते ते सायकल, बाबा. मी पाह्यलं. रोज पहाटं वावराच्या बांधावर उभी राहत होती. आज ह्यायनं तुमाले हात जोडले म्हून पडले."

ती रोज येत होती, हे मला तेव्हा कळलं. माझं सगळं पडणं तिने पाहिलं होतं.

सासरे बाहेर गेले, गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. "या, जवाईबापू. पाय इकडंच येऊ द्या. हात जोडू नोका."

पन्नास पावलांची गल्ली असेल. बायको दारात. मी पाय त्यांच्या तोंडासमोर धरून निघालो, मान शरमेने खाली, आणि मुठी मात्र ढिल्या. चाक एकदा थरथरलं. मी आवळलं नाही. त्यांच्यापासून दोन हातांवर असताना ब्रेक दाबला आणि सायकल उभी राहिली.

सासरे दुसऱ्या दिवशी एकटेच साखरखेर्ड्याला गेले. जाताना कोपऱ्यात पडलेला कापलेल्या हिरव्या नळीचा तुकडा त्यांनी उचलला, उपरण्याने पुसला आणि पिशवीत टाकला. कशाला, हे विचारायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही.