लाकडी स्टिक

देवासला नोकरी लागल्यापासून दर रविवारी दुपारी मी बसस्टँडमागच्या पूल पार्लरमध्ये जातो. तिथे एक साठीचे गृहस्थ एकटेच खेळत असायचे. दोन्ही बाजूंचे बॉल तेच मारायचे. डाव संपला की आपली लाकडी स्टिक टेबलावर लोळवून ती वाकली का ते बघायचे, मऊ फडक्याने तिच्यावरचा घाम आणि चॉक पुसायचे आणि मगच ती पिशवीत घालायचे. मला वाटायचं, रिकामपणचे उद्योग! आमचं बोलणं इकडच्या ‘क्या भिया’ या हिंदी रामरामापुरतंच.

एकदा पार्लरमधूनच मी धारला राहणाऱ्या आईशी फोनवर बोलत होतो. ऐकून ते गृहस्थ म्हणाले, “अहो, आपण मराठी? आणि इतके दिवस एकमेकांशी हिंदी झाडतोय!”

मी खुशीत माझी कार्बनची स्टिक त्यांच्यापुढे केली. “काका, अशी घ्या. पावसाळ्यात वाकत नाही, चिकट होत नाही. हिचं काही म्हणजे काही करावं लागत नाही.”

त्यांनी ती हातात तोलली, एक बॉल सफाईने पाडला आणि परत दिली.

“झकास आहे, भिया. माझ्या स्टिकला रोज घरी तेलपाणी लागतं. पण हिचं काहीच करायचं नाही, तर घरी गेल्यावर मी करू काय?”

संध्याकाळी खोलीवर आलो. आईशी दुपारीच बोलून झालं होतं. एक जुना रुमाल शोधला आणि माझी स्टिक वरपासून खालपर्यंत पुसली. ती आधीच लख्ख होती.