पत्ता नसलेलं कार्ड

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी सोलापूरच्या पोस्टात कारकून होतो. वळसंगची एक बाई मंगळवारच्या बाजाराला आली की माझ्यापुढे कोरं कार्ड ठेवायची. "ल्हिवा की, थोरल्या लेकीला."

मजकूर ती भराभर सांगायची. शेळी व्याली, धाकटीला शाळेत घातलं. पत्ता विचारला की लिहिलेलं कार्ड पदरात बांधून परत न्यायची.

एकदा मी चिडलो. "लेक दिलीत ते गाव माहीत नाही?"

कार्डावरून हात फिरवत ती म्हणाली, "हुंडा न्हाय मागितला त्यांनी, सायेब. लगीन बी त्यांच्याच खर्चानं केलं. मग गाव कुटल्या तोंडानं इचारायचं?"

पुढे कळलं, त्या जावयाने आणखी दोन गावांत अशीच लग्नं केली होती आणि तिन्ही मुली विकल्या होत्या. तिला ते सांगायचा धीर मला झाला नाही. मी कार्डं लिहीत राहिलो.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. वडिलांनी हुंडा मागितला, मी गप्प बसलो. सासऱ्यांनी आमच्या गावात दोन दिवस राहून घरादाराची चौकशी केली. ते पैसे मोजणार होते. विचारायला त्यांना तोंड होतं.