चटका न बसणारे पाय

"दर्द नहीं हो रहा, यही तो बीमारी है, पंडितजी," डॉक्टर म्हणाले. ह्यांच्या तळव्याला रुपयाएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. ह्यांना पत्ताच नव्हता. फरशीवर ओले डाग मी पाहिले, म्हणून दवाखान्यात ओढत आणलं.

आम्ही काशीतले मराठी भिक्षुक. हे मुन्शी घाटावर श्राद्धं सांगतात, अनवाणी. ज्येष्ठात पायऱ्या तव्यासारख्या तापतात, यजमान उड्या मारत उतरतात. हे मात्र अलीकडे संथ चालायचे. "साधना आहे, आता दगड चटका देत नाही," म्हणायचे. मलाही मेलं कौतुक!

ती साधना म्हणजे डायबेटिक न्यूरोपथी, वाढलेल्या साखरेनं नसा बधिर होणं. मधुमेहाची गोळी घेतली की श्राद्धाची खीर माफ, असा ह्यांचा समज.

मग डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढणं. बाहेर बाकावर शेजारच्या माणसाला गुडघ्याखाली पाय नव्हता. तिकडे बघायचं नाही म्हणत मी तिकडेच बघत होते. डॉक्टर आले. "आज तो बच गया. आगे का घर पर तय होगा."

घरी इन्सुलिन, ड्रेसिंग, खीर बंद. जखम भरेपर्यंत घाटही बंद. पुढे डॉक्टरांनी सांगितलेल्या जोड्यांवरून महाभारत झालं.

"घाटावर जोडे? लोक काय म्हणतील?"

"आणि कुबडी घेऊन गेलात तर?"

दोन दिवस जोडे उंबऱ्यातच पडून. तिसऱ्या दिवशी मऊ जोडे घालून निघाले. आता फक्त संकल्पापुरते काढतात, तेही पाटावर बसून.

तुमच्या घरी कुणाला साखर असेल तर रोज तळवे बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, आम्ही तिथेच फसलो.

पाय वाचला, देवाची आणि त्या डॉक्टरांची कृपा. बधिरपणा मात्र जाणार नाही. सणावारी डोळे मिटून ज्या पायांना वाकायची, ते आता रोज चष्मा लावून मांडीवर घेते. आधी हे लाजून ओढून घ्यायचे. आता आपणच पुढे करतात. तळवा वर करून मी बोट न् बोट तपासते.

"काय गं, ठीक आहे ना?" हे मलाच विचारतात, आपल्याच पायाबद्दल.